पुढच्या रविवारची बाटली

आमच्या कुरुंद्याच्या हिशेबाने जगात माणसं दोनच तऱ्हेची असतात. एक माळकरी, जो थेंबाला शिवत नाही, आणि दुसरा तो, ज्याला दोघं मिळून घरी आणून सोडतात. मधे काही असू शकतं यावर गावाचा विश्वास नाही. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. आणि माझं नशीब असं की मला नवरा मिळाला तो नेमका मधला.

सोमेश्वर त्यांचं नाव. हळदीची शेती, दोन म्हशी, एक मी आणि एक लेक सृष्टी, एवढा त्यांचा संसार. दर रविवारी ऊन उतरलं की हे अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून एक बियर पितात. एक म्हणजे एकच. वसमतहून आणलेली बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी आडवी पडलेली असते. ती काढायची, पेला तिरका धरून ओतायची, फेस बसेपर्यंत रस्त्याकडे बघत थांबायचं आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांवर मी किती वर्षं जळले असेन! माझ्या हातची पुरणपोळी खाताना या माणसाने कधी डोळे मिटले नाहीत. एकदा मी चव घेऊन पाहिली. कडुलिंबाचा काढा परवडला. विकत आणून कडू प्यायचं आणि वर डोळे मिटायचे, म्हणजे कमालच झाली.

"निदान आत बसून तरी प्या," असं मी नवी नवरी असताना म्हटलं होतं.

"काहून? चोरी करून राहिलो का मी?" हे म्हणाले. "लपून पिणारा घाईत पितो, आन् घाईत पिणारा जास्त पितो. मला सावकाश प्यायची हाय."

मी आत जाऊन कोथिंबीर निवडायला बसले.

मागच्या वर्षी वसमतला तपासणीचं शिबिर झालं. तिथं यांची साखर काठावर निघाली. पोट तर कधीच काठ ओलांडून गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता म्हणून विचारलं, तर यांनी शाळेतल्या पोरासारखं सगळं खरं सांगून टाकलं. रविवारची बियर, तिच्यासोबत भजी, शेव, तळलेले शेंगदाणे, त्यावर मटणाचा रस्सा आणि ताटभर भात. शिवाय रोजचा गोड चहा, जो कोणी देईल त्याच्याकडचा. बाई म्हणाल्या, "बियर सोडलीत तर उत्तमच. नसेल सोडायची तर आठवड्याला एकीच्या वर जाऊ नका आणि उपाशीपोटी घेऊ नका. पण खरी गडबड त्या बशीत आणि त्या चहात आहे."

तेव्हापासून आमच्याकडे बशी बदलली. भज्यांच्या जागी मोडाची मटकी आली, बारीक कांदा घालून, वर लिंबू पिळून. कधी उकडलेल्या शेंगा, कधी काकडी, कधी फुटाणे. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाहीतर चुक्याची भाजी, ताक. भात सणावारी. चहा बिनसाखरेचा. पहाटे उठून वसमत रस्त्याने भराभर चालून यायचं. मला वाटलं, आठ दिवसांचं नाटक आहे, पण हे टिकून राहिले. वर्षभरात पोट गेलं, गालाची हाडं दिसू लागली, जुने सदरे अंगावर लोंबायला लागले. खरं सांगते, पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडत बसलेला तो माणूस मला नव्याने आवडायला लागला. या वयात असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गावाला मात्र वेगळंच दिसत होतं. आमच्याकडे सुखी माणसाला पोट असतं. पोट गेलं म्हणजे सुख गेलं. आणि काही काम नसताना पहाटे भराभर चालणारा माणूस म्हणजे त्याला नक्की झोप लागत नसणार. यांचे चुलतभाऊ सोनाजी आमच्या शेजारीच राहतात. त्यांनी एक दिवस मला गोठ्यापाशी गाठलं.

"वैनी, भाऊ लय वाळला. काही तकलीफ हाय का?"

"काही न्हाई. खाणं कमी केलंय त्यांनी."

"काहून? घरी काही कमी हाय का?"

"साखर निघाली होती ना जराशी."

"साखर कोणाला न्हाई? मला बी हाय. म्या कमी केलं का काही?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटावरून कौतुकाने हात फिरवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "वैनी, खरं सांगा. ती बियर लिव्हरवर गेली का?"

मी शेणाची पाटी तिथेच आपटली. पण सोनाजीभाऊंचं मन साफ आहे. संध्याकाळी त्यांनी बायकोच्या हाती यांच्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले. ते मीच खाल्ले.

त्यात भर घातली आमच्या लेकीने. सृष्टी वसमतला एका शाळेत शिकवते. मोबाईलवर काहीतरी बघून तिने यांच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या आणि अंगणातल्या मोगऱ्याच्या वाफ्याभोवती उलट्या पुरून कड केली. उन्हात तपकिरी काच अशी चमकायची की मी येताजाता बघत राहायचे. आठवड्याला एक बाटली म्हणजे काहीच नाही. पण वर्षभराच्या बाटल्या एकदम ओळीने उभ्या केल्या की पाहणाऱ्याला वाटावं, इथे अख्खी वरात उतरून गेली आहे. हे तेव्हा आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अशात सृष्टीला हट्टा गावचं स्थळ आलं. मधे होता माझा मावसभाऊ विश्वंभर. मुलगा रणजीत, त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान. घरी फक्त आई, नर्मदाबाई. वडील मुलगा कॉलेजात असतानाच वारलेले. वसमतला विश्वंभरच्या घरी दोघांची भेट झाली. सृष्टी परत आली ती गुणगुणत. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि तिने ती भाजी तक्रार न करता खाल्ली. मी काय ते समजले. पोरीचं मन तिथं गुंतलं होतं.

मग आम्ही हट्ट्याला घर बघायला गेलो. घर नीटनेटकं, दारात शेवग्याचं झाड, आणि नर्मदाबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी जिलेबी मागवली होती. चहा म्हणजे तर पाकच. यांनी हात जोडले. "मला गोड चालत न्हाई."

नर्मदाबाईंचा हात बशीवरच थांबला. "अजिबात?"

"अजिबात."

त्यांनी बशी मागे घेतली आणि पुढचा सगळा वेळ त्या यांच्याकडेच बघत राहिल्या. मला वाटलं, बाईला व्याही पसंत पडले. इतकी मी शहाणी!

आठवड्याने विश्वंभर आला तो चेहरा पाडून. पाणीसुद्धा घेईना.

"मिराताई, तिकडून न्हाई म्हणून राहिले."

"काहून? पोरीत काय कमी दिसलं?"

"पोरगी लय आवडली. दाजींचं अडलं." मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. नर्मदाबाईंचे मालक दारूनेच गेले होते. त्यांना गोड चालत नव्हतं. कोणी पेढा हातावर ठेवला तर ते तो कुत्र्याला घालायचे. जिलेबी नाकारणारा माणूस पाहिला आणि बाईला तेच आठवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. त्यांनी चौकशीला माणूस पाठवला. तो आमच्या बसथांब्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसला आणि सोमेश्वर कसा माणूस आहे म्हणून विचारलं. गावाने यांची निंदा अजिबात केली नाही. उलट हळहळ केली. माणूस सोन्यासारखा, पण बाटलीनं खाल्ला. कसा होता आणि कसा झाला. पहाटे झोप न्हाई, वणवण फिरतो. मग तो माणूस आमच्या घरावरून गेला आणि त्याने मोगऱ्याचा वाफा पाहिला.

चार खऱ्या गोष्टी एकत्र केल्या की एवढी मोठी खोटी गोष्ट तयार होते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

हे उठून मोगऱ्याच्या वाफ्यापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "सोडतो मी. पोरीपरीस बियर मोठी हाय का?"

"सोडतो म्हणलं तर झालंच की, दाजी," विश्वंभर म्हणाला. "सोडली म्हंजे आधी धरली होती. आन् त्या बाईनं सोडणारे लय पाहिलेत."

"मग सांग, घेतच न्हाईत म्हणून," मी म्हणाले.

आतून सृष्टी बाहेर आली. "आई, अंगणात एवढ्या बाटल्या पुरल्यात. बाबा घेत नाहीत तर काय मी प्यायले?" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. माझा जीव तुटला. पोर लहानपणी पडली, तापली, नापास झाली, पण असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

यांनी विश्वंभरचा फोन मागून घेतला आणि सरळ हट्ट्याला लावला. "नर्मदाबाई, मी पितो," हे म्हणाले. "दर रविवारी, एक बियर. लपवायचं काही न्हाई. खोटं वाटत असल तर येऊन बघा." पलीकडून फोन बंद झाला.

विश्वंभरने कपाळावर हात मारला. "दाजी, गेलं स्थळ."

पण गेलं नव्हतं. रविवारी ऊन उतरता उतरता विश्वंभरच्याच मोटारसायकलवरून नर्मदाबाई आमच्या दारात उतरल्या. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा चेहरा. त्यांनी वाफ्याकडे एकदा पाहिलं, लिंबाखालच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या बाजेवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"इथंच बसता का?"

"व्हय," हे म्हणाले.

"मग बसा."

आमच्याकडे होणाऱ्या विहिणीसमोर माणूस पान खायलासुद्धा लाजतो. यांचे कान लाल झाले. "आज न्हाई घेत, बाई. तुमच्यासमोर बरं दिसत न्हाई."

"बरं दिसायला न्हाई आले मी. आमचे मालक बी माझ्यासमोर घेत नव्हते. मागं गोठ्यात जाऊन घ्यायचे. तुमी समोर घ्या."

नाही म्हणावं तर लपवतो असं होतं, आणि हो म्हणावं तर मर्यादा सुटते. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली आणि बाटली आणायला आत गेले. सृष्टी मटकीत कांदा कालवत होती. मी फ्रिज उघडला आणि वळून बघते तर नर्मदाबाई माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

फ्रिजमध्ये बाटल्या दोन होत्या.

"दोन?" त्या म्हणाल्या.

"ती... ती पुढच्या रविवारची," मी म्हणाले. "निवडणूक हाय ना. शनिवार-रविवार दुकानं बंद राहणार. म्हणून आताच आणून ठेवली त्यांनी."

अगदी खरं होतं ते. पण स्वतःच्या तोंडून ऐकताना मलाच ते खोटं वाटलं. जगात कोण पुढच्या रविवारची बियर आणून ठेवतं?

"पुढच्या रविवारची," नर्मदाबाई सावकाश म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

हे पहिल्यांदाच पेला तिरका धरायचं विसरले. फेस पेल्यावरून उतरून मनगटावर आला. पहिला घोट घेऊन सवयीने डोळे मिटले आणि लगेच दचकून उघडले. मला एवढ्या तणावातही हसू आलं. यांनी मटकीची बशी नर्मदाबाईंपुढे सरकवली. "घ्या. मोडाची हाय. मला डॉक्टरीणबाईनं लावून दिली. आधी भजे खात होतो, पोट इथवर होतं." हाताने पोट किती पुढे होतं ते दाखवलं. मग साखर कशी निघाली, पहाटे चालताना पहिले आठ दिवस पिंढऱ्या कशा दुखल्या, भात सोडल्यावर स्वप्नात भात कसा यायचा, हे सगळं त्यांनी मटकी खाता खाता सांगितलं. हळदीचा विषय निघाला, हट्ट्याकडच्या पाण्याचा निघाला. नर्मदाबाई एका शब्दात उत्तर द्यायच्या. त्या यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर पेल्यावर होती, आणि पेला जसा उतरेल तशी त्यांची पाठ ताठ होत चालली होती.

बाटली संपली. नर्मदाबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घट्ट धरली. मला वाटलं, त्या निघाल्या. ती त्यांची जुनी सवय होती हे मला नंतर कळलं. त्यांच्या घरी पहिली बाटली संपली की चपला घालून, पळायच्या तयारीत बसावं लागायचं.

हे उठले. नळावर पेला विसळला आणि पंचाला हात पुसले. "चला, बाई. जेवून घेऊ."

नर्मदाबाई हलल्या नाहीत. "आन् ती?"

"कोणती?"

"आतली."

"ती पुढच्या रविवारची हाय की," हे म्हणाले, इतक्या साधेपणाने की मला तिथल्या तिथे त्यांचा अभिमान वाटला.

नर्मदाबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली, भाजीला चांगलं म्हणाल्या आणि निघाल्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती तशीच ठेवा. मी येते."

"कवा?"

"सांगून काहून येऊ?"

तो आठवडा मी विसरणार नाही. सृष्टी शाळेतून आली की आधी फ्रिज उघडून बघायची. मी फ्रिजमधून दूध घेताना, भाजी ठेवताना त्या बाटलीला धक्का लागणार नाही असा हात घालायचे, जणू आत कोणी झोपलं आहे. एका दुपारी सोनाजीभाऊ आले. गावात काही लपत नाही.

"भाऊ, एक शिल्लक हाय म्हणतेत. ऊन काय पडून राहिलं! तू नको घेऊ, तुझी तब्येत बरी न्हाई. मी घेतो."

"बोट लावून बघा त्या बाटलीला!" मी उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "मग तुमचं अन् माझं नातं तुटलं म्हणून समजा."

सोनाजीभाऊ दोन पावलं मागे सरले. "वैनी, तुमी बी घ्यायला लागल्या का काय?"

हे मात्र निवांत होते. शेतातून यायचे, फ्रिज उघडायचे, ताकाचं भांडं काढायचे, बंद करायचे. बाटलीकडे साधी नजरसुद्धा जायची नाही. मी ओट्यापाशी उभी राहून चोरून बघायचे. इतकी वर्षं मी या माणसाला पिताना पाहत आले होते आणि त्यावरून त्यांना बोलत आले होते. न पिताना मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी नर्मदाबाई एसटीने एकट्याच आल्या. हे शेतात होते. त्यांनी पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिज उघडला. बाटली जागेवर होती. त्यांनी ती बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरून आतली पातळी पाहिली, तिरकी करून पाहिली. मग झाकणाच्या कडेवरून अंगठा सावकाश गोल फिरवला.

"झाकण उचललं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमचे मालक रिकामीत पाणी भरून झाकण दाबून ठेवायचे. मला अंगठ्याला समजते."

आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या. गार बाटली मांडीवर. तिच्या अंगावरचं पाणी लुगड्यावर उतरत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे राहते तर," त्या म्हणाल्या.

"काय राहते?" मी त्यांच्याजवळ बसले.

"बाटली. घरात राहते." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "वीस वर्सं मी मनाला सांगत व्हते, माणसाचा काय दोष? बाटली घरात आली की ती राहतच न्हाई, तिची जातच तशी. असं म्हणून म्हणून मी दिस काढले, मिराबाई. आन् इथं ही कोथिंबिरीजवळ पडून हाय. कोणाला तिची याद बी न्हाई." मग त्यांना रडू फुटलं. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. मी त्यांचा हात धरला आणि माझेही डोळे वाहायला लागले.

हे केव्हा दारात येऊन उभे राहिले कळलं नाही. पायाला चिखल होता म्हणून उंबऱ्यावरच बसले. तिथूनच म्हणाले, "बाई, यात माझं मोठेपण काही न्हाई. मला एकीत भागते, एवढंच. कोणाकोणाला एकीत थांबताच येत न्हाई. तो आजार हाय. त्याला मग एक बी नको. तुमच्या मालकाला कोणी दवाखान्यात न्यायचं सुचवलं नसल, त्याला तुमी काय करणार? तुमचा काही दोष न्हाई."

नर्मदाबाईंनी मान वर करून यांच्याकडे पाहिलं. 'तुमचा दोष न्हाई' हे त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पदराने बाटली पुसली, उठून स्वतःच्या हाताने जागेवर ठेवली आणि फ्रिज लावला. मग पाणी मागितलं. तांब्याभर पाणी त्या उभ्याने प्यायल्या.

"सृष्टी माझी झाली," त्या म्हणाल्या. "पर मला एक पाहिजे."

आता ही बाई म्हणणार, बियर सोडा. आणि हे सोडतील. आणि मला, माझं मलाच नवल वाटलं, त्याचं वाईट वाटलं असतं.

"सांगा," हे म्हणाले.

"रविवारी रणजीतला धाडते. तो पीत न्हाई, पिणार बी न्हाई. नुसता तुमच्याजवळ बसू द्या. बापानं बाटली काढली की माझं लेकरू माळ्यावर जाऊन बसायचं. संध्याकाळी बापाजवळ बसणं त्याला ठाऊकच न्हाई."

यांनी नुसती मान हलवली.

रविवारी रणजीत आला. चांगला उंच, दुकान चालवणारा गडी, पण खुर्चीच्या टोकावर असा बसला होता की हाक मारली तर पळत सुटेल. मी त्याला ताक दिलं. सृष्टी मटकीची बशी घेऊन गेली ती तिथेच उभी राहिली, आणि मी तिला आत बोलावलं नाही. यांनी पेला तिरका धरून ओतलं, फेस बसू दिला, घोट घेतला आणि या वेळी डोळे निवांत मिटले. रणजीत बघत होता. हे त्याला ठिबकच्या नळ्यांबद्दल विचारत राहिले, तो सांगत राहिला. उंदीर नळ्या कशा कुरतडतात ते सांगताना एकदा हसलासुद्धा. पण पेला रिकामा व्हायला आला तसा त्याचा आवाज बारीक झाला आणि नजर फाटकाकडे गेली. त्याच्या आईने अशाच वेळी चपला सरकवल्या होत्या.

हे उठले, पेला आणि रिकामी बाटली हातात घेतली.

"झालं?" रणजीतने विचारलं.

"झालं की. चल, जेवू."

रणजीत उठला नाही. त्याने एक मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

"मामा," तो म्हणाला, "जरा बसू या का अजून?"

हे परत खुर्चीत टेकले. मी आत जाऊन गॅस बारीक केला.